माझा पाय, पुडी आणि नातीचं रक्त

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. आमच्याकडे असल्या माणसाच्या पायाला मान असतो. कोणाच्या कंबरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की तो पायाळूच्या अंगणात येतो, पाठ करून उभा राहतो, अन् पायाळू डावा पाय तीनदा त्याच्या पाठीला लावतो. बदल्यात काही घ्यायचं नाही. त्याच्या घरचा चहासुद्धा नाही. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून मी हे करत आलो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण पाय कुठं नापास झाला नाही. वडनेरकडून लोक यायचे, अल्लीपूरकडून यायचे. एकदा एक तलाठी वाकून आला होता अन् सरळ होऊन गेला. ज्याला फरक पडला नाही तो परत यायचा नाही. त्यामुळे सगळ्यांनाच फरक पडतो असं मी धरून चाललो.

या मानाचा तोटाही आहे. वीज पायाळूला ओढते म्हणतात, म्हणून पाऊस आला की मला कोणी झाडाखाली घेत नाही. जन्मभर मी शेतातून भिजत घरी आलो. मान म्हटला की एवढं चालायचंच.

नात आठ वर्षांची होती. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी चालू होती. एक दिवस सकाळी ती उठेचना. झोप झाली होती, डोळे उघडे होते, पण पाय सरळ होईनात. लाकडासारखी पडून. दुपारपर्यंत हळूहळू सैल झाली अन् चालायला लागली. संध्याकाळी ताप चढला, छातीवर, दंडावर गुलाबी चट्टे आले. तासाभरात ताप उतरला, चट्टेही गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. असा वेळ पाळणारा ताप मी पाहिला नव्हता. आमची एसटी इतकी वेळ पाळत नाही.

घरात आम्ही तिघंच. मी, सून अन् नात. मुलगा बुटीबोरीला कंपनीत, रविवारी येतो. सुनेनं गावातल्या डॉक्टरकडून तापाचं औषध आणलं. त्यानं काही झालं नाही. ती म्हणाली, "मामाजी, मोठ्या दवाखान्यात नेऊ."

मी म्हटलं, "घरात पाय असताना दवाखाना काऊन?"

सकाळी सूर्याकडे तोंड करून नातीला बसवलं अन् तिच्या उजव्या गुडघ्याला पाय लावला, तीनदा. दुसऱ्या दिवशी डावा गुडघा सुजला. मी म्हटलं, रोग पळून राह्यला. डाव्याला लावला. मग मनगट सुजलं. पोरीला भाकर मोडता येईना.

सून चुलीजवळून म्हणाली, "लावा मामाजी, लावा. अजून लय सांधे बाकी आहेत तिचे."

सुनेचं बोलणं मी मनावर घेत नाही. पण पानठेल्यावर एक जण बोलला ते घेतलं. तो म्हणाला, "पायाळूच्या घरची पोट्टी लंगडून राह्यली म्हंतेत?" बाकीचे पानाकडे पाहत राहिले. मी तसाच घरी आलो. सुपारीसुद्धा घेतली नाही.

त्या बुधवारी मी बाजारात गेलो. आमच्या नाही, दूरच्या एका गावच्या, जिथं मला कोणी ओळखत नाही. तिथं कडुनिंबाखाली एक माणूस बरण्या मांडून बसायचा. वातावर पुडी द्यायचा. मी लक्षण सांगितलं. त्यानं पुढचं ऐकलंच नाही, पुड्या बांधायला लागला. म्हणाला, "रोज सकाळी एक. आंबट बंद." वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, राखेच्या रंगाची पूड.

दुसऱ्या दिवशी पहाटे नातीला गोठ्यामागं नेलं, गुळाच्या खड्यात पुडी दाबून खाऊ घातली. म्हटलं, "आईले सांगू नको." ती म्हणाली, "हाव." मग अंगणात आणून सगळ्यांसमोर पाय लावला.

तिसऱ्या दिवशी पोरगी पळायला लागली. ताप गेला, सूज गेली, चट्टे गेले. शेजारची बाई पाहायला आली, मग तिची जाऊ आली, मग अर्धी आळी आली. "आबाच्या पायात गुण आहे बाप्पा," म्हणाले. मी काही बोललो नाही. कोणी पुडीबद्दल विचारलंच नाही तर काय बोलणार? अन् बाजारात चालत तर मी याच पायानं गेलतो.

पाच आठवडे असं चाललं. नातीचे गाल भरले, गोल झाले. खायला मागायची, दोन-दोन भाकरी. सून केळझरच्या गणपतीला नवस बोलली होती, तो फेडून आली. गणपती अन् मी, दोघांचंही नाव झालं.

मग पुडीवाला बाजारात आला नाही. पुढच्या बुधवारीही नाही. कडुनिंबाखाली मोज्यांचं दुकान लागलं होतं. माझ्याजवळ दोन पुड्या उरल्या. त्या मी जपून ठेवल्या अन् देणं थांबवलं. चौथ्या दिवशी पोरगी पडली. या वेळी आधीपेक्षा वाईट. गुडघा कवठाएवढा झाला. ताप उतरेना. रविवार नसताना मुलगा आला, तिला उचललं अन् आम्ही सगळे वर्ध्याकडं मोठ्या दवाखान्यात गेलो. दोन पुड्या माझ्या बंडीच्या खिशात होत्या.

तिथं लहान मुलांची डॉक्टर बाई होती. माझ्या मुलीच्या वयाची असेल, मला मुलगी असती तर. तिनं सगळं खोदून विचारलं. ताप किती वाजता, चट्टे कुठं, सकाळी अंग किती वेळ धरतं. मग म्हणाली, "कोणतं औषध, पुडी, काढा, झाडपाला, काही दिलं का?"

सून म्हणाली, "नाही मॅडम. तापाचं औषध फक्त. अन् मामाजीचा पाय."

"पाय?"

सुनेनं सांगितलं. डॉक्टर बाई हसली नाही. तिनं कागदावर लिहिलं. तेव्हाच मला ती बरी वाटली. मग तिनं नातीचे गाल बोटानं दाबून पाहिले. "हे गाल असे कधीपासून?"

"महिना झाला असन. लय चांगली जेवत होती," सून म्हणाली.

डॉक्टर बाई खाली बसली, नातीच्या तोंडासमोर. "बेटा, तुला कोणी काही खाऊ घालत होतं का? गोड, कडू, पावडर?"

नातीनं माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरकडं. "नाई," म्हणाली.

मी सत्तर वर्षांत बरीच खोटं बोलणारी माणसं पाहिली. बैलबाजारात तर दुसरी माणसं नसतातच. पण इतकं सरळ खोटं ऐकलं नव्हतं.

रक्त काढलं. संध्याकाळी डॉक्टर बाईनं आम्हाला बसवून समजावलं. लाल पेशी कमी आहेत. पांढऱ्या फार वाढल्या आहेत. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार, ते बाहेरच्या रोगाशी लढतात. या पोरीचे राखणदार घरच्याच लोकांवर उठले आहेत, सांध्यांच्या अस्तरावर. हा लहान मुलांचा संधिवात असू शकतो.

मी म्हटलं, "वात म्हताऱ्याले होते."

"लहान मुलांनाही होतो, आजोबा. तुम्हाला आहे का?"

"नाई."

"मग झालं," ती म्हणाली.

पुढं तिनं आवाज हळू केला. म्हणाली, रक्ताच्या कर्करोगाची सुरुवातही कधी कधी अशीच दिसते. सांधे दुखतात, ताप येतो. दोन्हींची औषधं वेगळी. म्हणून आधी नक्की करायचं, मग औषध. सुनेनं माझ्या खांद्याला धरलं. आजवर तिनं मला असं धरलं नव्हतं.

अजून एक गोष्ट होती. तिथं या आजारावर अभ्यास चालू होता. नातीचं थोडं रक्त वेगळ्या नळीत घेऊन तपासायचं होतं, की पांढऱ्या पेशींत कोणती जनुकं चालू आहेत अन् कोणती बंद. जनुक काय ते मी विचारलं. मला जे कळलं नाही ते मी विचारतो, लाजत नाही. ती म्हणाली, अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत आई-बापाकडून आलेली सगळी कामं लिहिलेली असतात. पण प्रत्येक पेशी सगळी कामं एकदम करत नाही. काही चालू, काही बंद. आजारात भलतीच चालू होतात.

हे मला समजलं. आमच्या शिवारात विजेच्या एका डीपीवर बारा मोटरी आहेत. बाराही लागलेल्या, पण कोणाची चालू अन् कोणाची बंद हे धुऱ्यावर, बांधावर, उभं राहून ऐकलं की कळतं. मी तसं म्हटलं. डॉक्टर बाई म्हणाली, "बरोबर. आम्ही तेच ऐकतो. म्हणून औषध सुरू व्हायच्या आधीचं रक्त लागतं."

मुलानं सही केली. मग तिनं नातीलाही विचारलं, "तुझं चालेल का?" नात म्हणाली, "किती?" "दोन चमचे." नात विचार करून म्हणाली, "चालन." मी तिला पाय लावताना कधी विचारलं नव्हतं. तेव्हा ते ध्यानात आलं, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते आता लिहितो.

मी विचार केला, एक पुडी दिली तर ताप उतरेल. ताप उतरला की कर्करोगाची गोष्ट निघणार नाही अन् घरी सोडतील. सकाळी सून आंघोळीला गेली तेव्हा पेढ्यात पुडी दाबून नातीला दिली. तिनं खाल्ली. संध्याकाळी ताप आला नाही. मी निर्धास्त झालो.

पुढच्या सकाळी पुन्हा रक्त काढलं, अभ्यासाची नळीही तेव्हाच भरली. दुपारी डॉक्टर बाई दोन कागद हातात घेऊन आली. दोन दिवसांचे दोन हिशोब जुळत नव्हते. पांढऱ्यांतली एक जात एकदम वाढली होती अन् दुसरी एकदम घटली होती. तिला वाटलं नळ्या बदलल्या. रक्त काढणाऱ्या बाईला बोलावलं.

"नाव न लावता नळी ठेवली का?"

"नाही मॅडम. पलंगापाशीच लावते मी."

"मग हे कोणाचं रक्त आहे?"

"तिचंच आहे मॅडम." पन्नाशीची बाई, केस पिकलेले, अन् सगळ्या वॉर्डासमोर बोलणी खात होती. पुन्हा रक्त काढलं. पुन्हा तेच. तेव्हा डॉक्टर बाई म्हणाली, "काही मेळ लागत नाही. कंबरेच्या हाडातून नमुना घ्यावा लागेल. रक्त तिथंच तयार होतं."

हाडातून हा शब्द नातीनं ऐकला. सगळे गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. हळूच म्हणाली, "आबा, पुडीनं होऊन राह्यलं काय हे?"

मी म्हटलं, "झोप."

"मी नाई सांगत कोनाले," ती म्हणाली. "तुमचा पाय आहे ना."

मी बाहेर आलो. डॉक्टर बाईच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो अन् पाणी पिऊन परत आलो. पुन्हा गेलो अन् पुन्हा पाणी पिऊन परत आलो. तिसऱ्या खेपेला तहान राहिली नव्हती. आत सून बसली होती, रक्त काढणारी बाईही उभी होती. दोघी नसत्या तर बरं झालं असतं. उरलेली पुडी मी टेबलावर ठेवली.

"पाय नव्हता," मी म्हटलं. "हे होती. कालची बी हेच होती."

सून उभी राहिली. तिनं पुडीकडं पाहिलं, मग माझ्या पायाकडं पाहिलं. तोंडाकडं पाहिलं नाही.

डॉक्टर बाईनं पुडी उघडली, किती दिवस दिली, कधी थांबवली, सगळं लिहून घेतलं. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, मला येतं ते. पण ती ओरडली नाही. म्हणाली, असल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली असते. त्यानं ताप दबतो, सूज उतरते, भूक लागते, गाल गोल होतात. रक्तातल्या पेशींचं प्रमाण बदलतं. अन् एकदम थांबवली की पोर कोसळू शकते.

"अन् ते जनुकं?" मी विचारलं.

"तीही दबतात. ते नळीतलं रक्त आता अभ्यासाला चालणार नाही."

"म्हंजे मीनं साऱ्या मोटरी बंद केल्या अन् तुमी धुऱ्यावर उभ्या राहून आयकून राह्यल्या."

"तसंच," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आता समजलं ना सारं. मंग हाडातलं नाई घ्या लागन."

"आता तर घ्यावंच लागेल, आजोबा. हे औषध कर्करोगालाही काही दिवस झाकून ठेवतं. आता नुसत्या रक्तावर विश्वास ठेवता येत नाही."

खरं बोललं की सूट मिळते असं मला वाटत होतं. तशी काही सोय नाही.

मग डॉक्टर बाई रक्त काढणाऱ्या बाईकडं वळली अन् म्हणाली, "ताई, माझं चुकलं. तुमची नळी बरोबर होती." इतकंच. माझ्या पायाइतका मान असलेली डॉक्टर, अन् दोन वाक्यांत मोकळी झाली. मला एवढ्यासाठी दोन पेले पाणी लागलं होतं.

हाडातला नमुना घेतला तेव्हा मी बाहेर होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमी बाहेर बसा." मी बसलो. तीन दिवस बाहेरच बसलो. सून चहा द्यायची, पण पेला हातात देत नव्हती, खिडकीत ठेवायची. मी तिथून उचलून प्यायचो. चहा बरा होता. माझ्या बाजूला एक माणूस कंबर धरून कण्हत होता, उसणच असावी. मी पायाळू आहे हे मी त्याला सांगितलं नाही. जन्मात पहिल्यांदा.

चौथ्या दिवशी डॉक्टर बाई स्वतः बाहेर आली. कर्करोग नव्हता. संधिवातच होता, सगळ्या अंगाला धरणारा. आठवड्याला एक इंजेक्शन, रोजच्या गोळ्या, दर महिन्याला रक्त. किती वर्षं ते आज सांगता येणार नाही म्हणाली. सुनेनं ते ऐकून पदरात तोंड घातलं अन् हसली की रडली ते दिसलं नाही. मग चहाचा पेला माझ्या हातात दिला.

सोडताना डॉक्टर बाईनं एक वही दिली. ताप, सकाळी अंग किती वेळ धरलं, औषध, अन् पोटात जे जे गेलं ते, रोज लिहायचं. वही तिनं माझ्या पुढं धरली.

सून म्हणाली, "यायले? मामाजीले?"

"पोटात काय जातं ते यांनाच सगळ्यात आधी माहीत असतं," डॉक्टर बाई म्हणाली.

चौथीनंतर मी सही सोडून काही लिहिलं नव्हतं. पहिले आठ दिवस एका ओळीला अर्धा तास लागला. आता लागत नाही. पुढं उन्हाळ्यात पोरगी ठरल्या औषधावर आली, तेव्हा अभ्यासाचं रक्त पुन्हा घेतलं. औषध चालू असलं तरी कोणतं ते आता ठाऊक आहे, डॉक्टर बाई म्हणाली. वहीसुद्धा मागून घेतली अन् तिची झेरॉक्स काढली. मी लिहिलेल्या कागदाची झेरॉक्स याआधी कोणी काढली नव्हती. नातीला पुन्हा विचारलं, चालेल का. ती म्हणाली, "चालन. पन आबाले बाहेर बसवा."

गावात सुनेनं कोणाला काही सांगितलं नाही. ते मला जास्त जड गेलं. शेवटी एक दिवस पानठेल्यावर मीच सांगितलं, की पोट्टी पायानं नाही, पुडीनं बरी झालती, अन् पुडीनंच बिघडली. मग एकानं विचारलं, "अन् मंग माही कंबर कायनं बरी झालती?"

"तुही तुले ठाऊक," मी म्हटलं.

त्यानंतर आठ महिने अंगणात कोणी आलं नाही. मी काही बोलावायला गेलो नाही. नात शाळेत जायला लागली. सकाळी थोडं अंग धरतं, ते मी लिहितो. वीस मिनिटं, पंधरा मिनिटं, एखाद्या दिवशी शून्य. शून्य मी मोठं काढतो.

परवा सोयाबीनचं पोतं उचलताना एकाच्या कंबरेत उसण भरली. तो आला. वाकून आला, अंगणात पाठ करून उभा राहिला, अन् म्हणाला, "लावा आबा. दुसरा उपाय नाई." मी चप्पल काढली, डावा पाय उचलला.

नात पायरीवर वही घेऊन बसली होती. म्हणाली, "थांबा आबा."

मी थांबलो, पाय वरच होता.

"काका, कोनतं औषध, पुडी, काढा, झाडपाला, काई घेतलं काय?"

"एक गोळी घेतली वो सकाळी."

"कोनती?"

"पांढरी."

"पांढरी म्हंजे कोनती? तिचा कागद आना."

"आता? कंबर धरली ना माही."

"आना."

तो माझ्याकडं पाहायला लागला. मी एका पायावर उभा होतो, या वयात ते सोपं नाही. मी म्हटलं, "आन बाप्पा. तिच्यापाशी लिहिल्याबिगर होत नाई."

तो कागद आणायला घरी निघाला. जाताना बराच सरळ चालत होता. मी पाय खाली ठेवला.